तिच्या बोलण्याची वही

माझ्या बायकोच्या बोलण्याच्या सरावाची जी वही होती, तिच्यातलं निम्म्याहून जास्त मी माझ्या मनचं लिहिलेलं आहे. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बायकोच्या माहेरच्यांना नाही, ज्या मॅडम ती वही तपासायच्या त्यांना तर नाहीच. बायकोला सांगायची गरज नव्हती. मी लिहीत असताना ती समोर बसलेली असायची.

वही अजून घरात आहे. कपाटात वरच्या फळीवर, तिच्या शाळेच्या कागदांखाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पानापानावर तीन रकाने आखलेले: वार, सराव किती वेळ, आणि 'स्वतःहून बोललेले शब्द'. अक्षर चांगलं आहे, माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. कुणी ती उघडून वाचली तर त्याला वाटेल, लकव्यानं वाचा गेलेली एक बाई हळूहळू शब्द परत मिळवत गेली. आधी चावी, मग कप, मग पाणी, मग 'पाणी द्या'. वाचायला बरं वाटतं. पण तसं काही घडलं नाही.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. सकाळी क्लासमध्येही तेच शिकवतो. एका हॉलमध्ये दीडशे-पावणेदोनशे मुलं, निलंगा, औसा, उदगीर, कुठून कुठून आलेली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं. तिथं प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत आपणच देऊन टाकायचं, कारण धडे संपवायचे असतात. "पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं? तंतुकणिका. लिहा." प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मी किती जागा सोडतो हे तेव्हा कधी मोजलं नव्हतं. पुढं मोजायची वेळ आली. दोन सेकंदसुद्धा नसते.

मज्जासंस्थेचा धडा माझ्या आवडीचा. मेंदूला सवय कशी लागते हे मी दरवर्षी एकाच उदाहरणानं सांगतो. रानातून कुणी एकदा चालत गेलं तर काही उमटत नाही. रोज त्याच अंगानं गेलं की गवत दबतं, ढेकळं फुटतात, महिन्याभरात पायवाट पडते. मेंदूतही एका पेशीकडून दुसरीकडं निरोप जातो. तो जितक्यांदा जाईल तितकं पुढच्या खेपेला जाणं सोपं. मग एक दिवस असा येतो की विचार करावा लागत नाही, पाय आपोआप पडतात. दर वर्षी एखादी मुलगी विचारतेच, "सर, मग जुनी सवय पुसली जाते का?" मी सांगतो, नाही. नांगरट झाली, पेरणी झाली, सोयाबीन कमरेएवढं आलं तरी जुनी वाट जमिनीला ठाऊक असते. पीक निघालं की दिसते. आपण फार तर शेजारून दुसरी वाट पाडायची आणि रोज तिच्यावरूनच जायचं. पण माणूस दमला, घाबरला, घाईत असला की पाय जुन्या वाटेला लागतात. हे लिहून घ्या, परीक्षेला येत नाही पण लिहून घ्या, असंही मी म्हणतो. मुलं हसतात.

माझ्या अंगात दोन जुन्या वाटा होत्या. एक ही वर सांगितलेली, दुसऱ्याचं उत्तर आपण देऊन टाकण्याची. दुसरी वह्या भरण्याची. ती आमच्या पेशातल्या माणसाला लगेच कळेल, इतरांना थोडं सांगावं लागेल. शिक्षकानं रोज काय शिकवणार ते टाचण वहीत लिहायचं असतं. कुणी रोज लिहीत नाही. तपासणी येणार म्हटलं की तीन-तीन महिन्यांचं टाचण एका बैठकीत बसून भरायचं. मुलांच्या प्रयोगांच्या जर्नलचंही तेच; प्रयोग झालेला असो नसो, निरीक्षण लिहिलेलं पाहिजे, आकृती काढलेली पाहिजे. मी स्वतः मुलांना सांगत आलोय, सगळं जर्नल एका पेनानं भरू नका, बाहेरच्या परीक्षकाला कळतं. दोन पेनं ठेवा, एखाद्या पानावर थोडी खाडाखोड करा. यात कुणाला पाप वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. कागद पूर्ण असला की काम झालं, अशीच आमची सगळ्यांची समजूत.

बायको औशाच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. माहेर नांदेडचं. बोलायला मोकळी. संध्याकाळी शाळेतून आली की चप्पल काढता काढता सुरू व्हायची, कोण आज वर्गात झोपलं, कुणी पाटीवर काय काढलं, आणि मध्येच थांबून, "ऐकून राहिलात का?" मी हं म्हणायचो. घरात ती बोलायची आणि मी हं करायचो. पण बाहेरचं माणूस आलं की उलट व्हायचं. डॉक्टरनं तिला विचारलं काय होतंय, की मी सांगायचो, दोन दिवस झाले ताप आहे. दुकानात तिला विचारलं कुठला रंग दाखवू, की मी म्हणायचो, फिकट दाखवा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडचे पुरुष असंच करतात, आणि बायका शेजारी उभं राहून मान हलवतात.

तिच्या माहेरी मात्र एक माणूस हे बोलून दाखवायचं. तिची वहिनी, म्हणजे माझ्या मेव्हण्याची बायको. एकदा सगळे जेवायला बसलो होतो आणि कुणीतरी बायकोला विचारलं, नवीन शाळा कशी आहे. मी सांगायला लागलो. वहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या.

"दाजी, लग्नात उखाणा तिनंच घेतला व्हता ना? का त्यो बी तुम्हीच घेतला?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त बायको हसली. तिला ठसका लागला, आणि पाण्याचा तांब्या मी पुढं केला.

ते झालं तेव्हा शनिवार होता, सकाळची शाळा. ती ओट्यापाशी डबा भरत होती आणि मी टेबलाशी पेपर वाचत होतो. डब्याचं झाकण खाली पडलं. मग ती काहीतरी म्हणाली. शब्द नव्हते, नुसते आवाज होते, पण चाल बोलण्याची होती. मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "हो, हो." तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं. मी पुन्हा "हो" म्हणालो. मग ती पडली.

याला आता सहा वर्षं होतील. दवाखान्यातले दिवस मी सोडून देतो. पाय आला. उजवा हात थोडा आला, डाव्या हातानं तिनं बाकीचं निभावून नेलं. वाचा आली नाही. तिला सगळं कळत होतं. काय म्हणायचं तेही आत होतं, पण शब्द हाताला लागत नव्हता. 'पाणी' म्हणायला जायची आणि 'पा, पा' वर अडकायची, नाहीतर भलताच शब्द यायचा आणि तो चुकला हे तिला लगेच कळायचं. कपाळावर हात मारून घ्यायची. नोकरी सोडावी लागली. आणि एक विचित्र गोष्ट होती. जे आयुष्यभर घोकलेलं, ते तसंच शाबूत होतं. बेचा पाढा सुरू करून दिला की दहापर्यंत खणखणीत जायची, शाळेत म्हणायची तशी, हेलासकट. पाढा संपला की पुन्हा गप्प.

वाचा परत आणण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम नांदेडला होत्या. मेव्हण्याचं घर विष्णुपुरीला, धरणाच्या अंगाला, त्यामुळं उतरायची सोय होती. एक आठवडा सोडून दर शनिवारी आम्ही लातूरहून एसटीनं निघायचो. चाकूर, अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचायचो. रविवारी सकाळी मॅडमकडं तासभर, आणि मग परत.

मॅडम वयानं लहान, माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, "ताई, घरी कोण कोण असतं?" मी म्हणालो, "आम्ही दोघंच, मुलगी पुण्याला असते." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "सर, तुमची वाचा छान आहे. मला ताईंची बघायची आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मीच वर्गात सांगतो ते, पण माझ्या घरातलं. त्या म्हणाल्या, शब्द जळून गेलेले नाहीत, तिथपर्यंत जाणारा रस्ता तुटलाय. मेंदू शेजारच्या भागातून नवा रस्ता काढू शकतो, पण तिनं स्वतः चाचपडत जाऊन शब्द शोधला तरच. अडखळणं हेच काम आहे. ती अडली आणि तुम्ही शब्द हातात दिला, की रस्ता तिथंच थांबला. आणि त्याहून वाईट म्हणजे मेंदू दुसरंच काहीतरी शिकतो.

"काय?" मी विचारलं.

"अडलं की सरांकडं बघायचं. तेवढं केलं की सुटका होते, हे शिकतो. एकदा शिकला की ते काढणं फार अवघड. पहिले सहा-आठ महिने मेंदू सगळ्यात जास्त हलत असतो, सर. नंतरही शिकतो, पण मग चढ लागतो. म्हणून आत्ता."

उपाय त्यांनी साधाच सांगितला. तिला चित्राचं कार्ड दाखवायचं, ती अडली की मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. विसाच्या आत तोंड उघडायचं नाही. मदत लागलीच तर पहिलं अक्षर, तेही विसानंतर. रोज दोन वेळा, पाऊण-पाऊण तास. आणि वही ठेवायची. "वही खरी ठेवा, सर. शून्य तर शून्य. मी पुढचं सगळं तिच्यावरून ठरवते. इथं आठवड्याआड एक तास बघून मला कळत नाही, घरी काय होतं ते कळायला पाहिजे."

मी म्हणालो, "मॅडम, वहीची काळजीच करू नका."

पहिल्या दिवशी मी चावीचं कार्ड धरलं. ती बघत राहिली. ओठ हलले. एक, दोन, तीन. "च," ती म्हणाली. चार, पाच. "चा." तिच्या गळ्यापाशी शीर ताठ झाली. सहा. मी म्हणालो, "चावी."

ती "चावी" म्हणाली. मी म्हटल्यावर म्हणता यायचं. मी वहीत लिहिलं: चावी.

हे पहिलं खोटं, आणि लिहिताना ते मला खोटं वाटलंही नाही. म्हटलं, 'चा' तर तिनंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सातपर्यंत गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाचावर. मला तिचा चेहरा बघवत नाही, म्हणून मी बोलतो, असं मी स्वतःला सांगायचो. ते थोडं खरं होतं. पण सगळं खरं असं की मला कंटाळा यायचा. शब्द माझ्या जिभेवर तयार असायचा आणि तो धरून ठेवणं अंगावर यायचं. दीडशे मुलांच्या हॉलमध्ये सत्तावीस वर्षं जी वाट पाडली होती, तिच्यावरून पाय निघत नव्हता. मेंदूबद्दल सगळं ठाऊक असून काही उपयोग नसतो. ठाऊक असण्याची जागा वेगळी आणि सवयीची वेगळी. एकीचं दुसरी ऐकत नाही. हेही मी पुढं वर्गात सांगायला लागलो. कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

मग परीक्षांचे दिवस आले आणि संध्याकाळचा सराव बुडायला लागला. मग सकाळचाही. शुक्रवारी लक्षात यायचं की उद्या नांदेडला जायचं आणि वही अकरा दिवसांची कोरी. मी बसायचो आणि भरायचो. सोमवार निळ्या पेनानं, मंगळवार काळ्या. एखाद्या दिवशी 'आज थकली होती, शून्य' असं लिहायचो, म्हणजे खरं वाटावं. मधून एखादा शब्द खोडायचो. शब्द हळूहळू वाढवत न्यायचो, आठवड्याला दोन-तीन, फार नाही. हात आपसूक चालायचा. आणि ती समोरच्या खुर्चीत बसून बघायची. तिला वाचलेलं सगळं कळत नव्हतं, पण वही कशी भरतात हे तिला कळत होतं. तीही शिक्षिकाच होती.

असं कधीतरी चौथ्या महिन्यात चाललं होतं. मी गुरुवारचा रकाना लिहीत होतो. तिनं डावा हात पुढं केला आणि पानावर ठेवला. तळवा पूर्ण उघडा, बोटं पसरलेली, रकाने झाकले जातील असा. मी वर पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं. डोळे लाल झाले. आणि मग इतक्या महिन्यांत आला नव्हता इतक्या मोठ्यानं आवाज आला.

"बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

ती पाढा म्हणत नव्हती. भांडत होती. भांडायला तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून पाढ्यानं भांडत होती. बे दाहे वीसपर्यंत गेली आणि थांबली. तोंडात पुढचं काही नव्हतं. हात पानावर तसाच.

मी तो हात उचलला. ओढला नाही, झटकला नाही. मनगटाला धरून उचलला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला, पोराचा हात ठेवावा तसा. आणि गुरुवारच्या रकान्यात लिहिलं: 'आज सलग बोलली.'

हे वाक्य वहीत आहे. काळ्या पेनानं.

त्या रविवारी मॅडमनी वही वाचली आणि खूश झाल्या. मग तिला चार कार्डं दाखवली. ती एकही म्हणाली नाही. दर वेळी मान वळवून माझ्याकडं बघायची. मॅडम गोंधळल्या. "घरी तर बोलतायत. इथं का नाही?"

मी म्हणालो, "तिला चार माणसांत जरा संकोच वाटतो, मॅडम. पहिल्यापासून."

चार माणसं कुठं होती? आम्ही तिघं होतो. आणि संकोच तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता. पण ती हे खोडून काढू शकत नव्हती. मॅडमनी वहीवर विश्वास ठेवला. सुंदर अक्षरातल्या वहीवर कोणीही ठेवला असता. त्यांनी एका-एका शब्दाचा सराव बंद केला आणि वाक्यांवर नेलं. जिला पहिली पायरी चढता येत नव्हती तिला चौथ्या पायरीवर उभं केलं. त्यांचा दोष नाही. त्यांना जिना मी काढून दाखवला होता.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. खरं तर मला सांगायचं होतं ते हेच, इतका वेळ मी याच्याच आजूबाजूला फिरत होतो.

विष्णुपुरीला जेवणं व्हायची होती. मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो. स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होत्या आणि बायको पाटावर बसली होती. वहिनींचं आपलं चालू होतं, शेजारणीचं, पाण्याच्या टाकीचं. मध्येच त्या म्हणाल्या, "भाजी चाखून बघ गं, काय कमी हाय?" आणि पुन्हा भाकरीकडं वळल्या. त्यांना वाट बघण्याचं काही शास्त्र ठाऊक नव्हतं. हात पिठात होते, तवा तापलेला होता, उत्तराची घाई नव्हती, एवढंच. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. एक भाकरी झाली असेल. पाणी फिरवलं, उलटली. तेवढ्या वेळात वीस काय, चाळीस आकडे झाले असते.

आणि मग बायकोचा आवाज आला. "मी... मीठ."

"मीठ? कमी का जास्त?"

पुन्हा तेवढाच वेळ. "न्हाई."

"न्हाईच टाकलं? आगं बाई! तुज्या बडबडीत ऱ्हाऊन गेलं बघ."

आणि बायको हसली. तो हसण्याचा आवाज मी ओळखला.

मी उठून दारात गेलो. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. तिनं मला पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं. मान माझ्याकडं वळली, प्रश्न नसतानासुद्धा. वहिनींनी हे पाहिलं. त्यांनी तवा खाली उतरवला.

"दाजी, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला की."

"हिला ठेवा इथं चार महिने. मॅडम बी इथंच हायत, रोज नेते मी. तुमच्यापुढं ती बोलून न्हाई राहिली. तुम्ही गेल्यावर बोलती. कालपासून तीन शब्द बोलली माज्याशी. लई नव्हं, पण बोलली."

मी हातातल्या घड्याळाकडं पाहिलं.

"तुमचा डबा लागंल, तेवढा लावा कुठं तरी. चार महिन्यानं काय मरत न्हाई माणूस."

मी बायकोकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती, पण ते अडल्यावरचं बघणं नव्हतं. ती डाव्या हातानं पाट घट्ट धरून बसली होती.

मॅडमना ती रोज दिसली असती तर दोन दिवसांत कळलं असतं की वहीतलं काही खरं नाही. मॅडमनी वहिनींना विचारलं असतं, वहिनींनी मेव्हण्याला सांगितलं असतं, मुलीला कळलं असतं. सत्तावीस वर्षं शिकवणारा मास्तर, अक्षर चांगलं असलेला, बायकोच्या आजाराची वही खोटी लिहितो. हे सगळं मी त्या दारात, एका भाकरीच्या वेळात, मोजून घेतलं. तेवढं मात्र मला मोजता आलं.

"तिला इथं करमणार नाही," मी म्हणालो. "तिला घरीच बरं वाटतं."

तिला काय वाटतं ते मी सांगितलं. वहिनी तिच्याकडं बघत थांबल्या, तिनं काही म्हणावं म्हणून. तिनं तोंड उघडलं. मी म्हणालो, "चला, जेवून घेऊ. तीनची गाडी आहे."

गाडीत ती खिडकीशी बसली. लोह्यापर्यंत तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आणि त्यानंतरही नाही.

पुढचं थोडक्यात. वाक्यांचा सराव चालेना. आठ-नऊ महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, आता प्रगती थांबल्यासारखी दिसते, असं होतं कधी कधी, आपण सोडायचं नाही. मग त्यांचं लग्न झालं आणि त्या दुसऱ्या शहरात गेल्या. नांदेडच्या खेपा बंद झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी वही परत देताना सांगितलं, "सर, इतकी नीट वही मी कुणाचीच बघितली नाही." मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.

आता तिच्याजवळ सहा-सात शब्द आहेत. हो, न्हाई, बघा, चला, आणि एक "अगं बाई" जे कुठंही येतं. पाढे आहेत. म्हणते ती कधी कधी, एकटी असताना. मी खोलीत गेलो की थांबते.

आणि एक सवय पक्की आहे. कुणीही तिला काही विचारलं, दूधवाल्यानं, शेजारणीनं, पुण्याहून फोनवर मुलीनं, की तिची मान माझ्याकडं वळते. प्रश्न आला की मान वळवायची, मान वळली की मी उत्तर देतो, उत्तर दिलं की तिची सुटका. खूण, कृती, बक्षीस, धड्यात आहे अगदी तसं. लोक म्हणतात तिचा मेंदू पुन्हा शिकला नाही. मी जीवशास्त्राचा माणूस आहे, मला माहीत आहे, तो शिकला. त्या पहिल्या महिन्यांत तो सगळ्यात जास्त हलत होता तेव्हा समोर जे रोज ठेवलं, ते तो उत्तम शिकला. मी जे शिकवलं तेच शिकला. मी इतक्या मुलांना शिकवलं, पण इतकं पक्कं कुणाच्या डोक्यात गेलं नसेल.

गेल्या वर्षापासून मी आकडे मोजून बघतो. ती काही म्हणायला गेली की ओठ मिटून घेतो. बहुतेक वेळा सातावर तोंड उघडतं. एकदा अकरापर्यंत गेलो होतो. पण माझं थांबणं आता तिच्या कामाचं राहिलेलं नाही. ती शोधायला जातच नाही. मान वळवून माझी वाट बघते, आणि मी मोजत बसलो तर तिला वाटतं मी रागावलोय. दोघं एकमेकांकडं बघत बसतो. मग मीच बोलतो.

वहिनी अजून फोन करतात. मी उचलला की म्हणतात, "तिला द्या दाजी, तुमच्याशी काय बोलायचं?" मी फोन तिच्या कानाला लावतो. वहिनी पलीकडून बडबडतात, मधूनच थांबतात, बहुधा हात कामात असतात. ती फोनकडं न बघता माझ्याकडं बघते. मी एकदा फोन तिच्या हातात देऊन बाहेर गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. आतून काही आवाज आला नाही. मी विसापर्यंत मोजलं, तेव्हा जमलं. मग पुन्हा विसापर्यंत. शेवटी वहिनींचाच बारीक आवाज ऐकू आला, "हाय का गं? हाय ना तिथं?"

वही मी अनेकदा फाडायला काढली आणि परत ठेवली. ती फाडली तर तिनं पानावर ठेवलेला हातही गेल्यासारखा होईल, तो तेवढाच एक खरा दिवस आहे त्यात.

वही खोटी होती आणि नांदेडला राहायचं की नाही हे तिचं तिनं सांगायच्या आत मी सांगून टाकलं, याची माफी मी तिच्याकडं अजून मागितलेली नाही. ती मला मागायची आहे. आणि मागून झाल्यावर, कितीही वेळ लागला तरी, तिच्या वतीनं मीच "असू द्या" न म्हणता, तिचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं आहे. तिचं एवढं देणं माझ्याकडं बाकी आहे.